मुलाला सारखी विचित्र इन्फेक्शनं होतायत? इम्युनिटीचा जन्मजात दोष कसा ओळखायचा, कुठे तपासायचा

आधीच सांगून टाकते, मी डॉक्टर नाही. कराडजवळच्या गावात राहते, शाळेत शिकवते आणि माझ्या मुलाला सीजीडी आहे, म्हणजे क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज. यात पांढऱ्या पेशी असतात, जंतूला गिळतातही, पण गिळल्यावर त्याला मारायला जे रसायन लागतं ते त्यांना बनवताच येत नाही. हे नाव कळलं तेव्हा तो अडीच वर्षांचा होता आणि तोवर आम्ही सात डॉक्टर, तीन हॉस्पिटलं आणि एक देवऋषी करून बसलो होतो.

त्यातला एकही डॉक्टर वाईट नव्हता हां. काखेतलं अवधाण सर्जनने बघितलं, लिव्हरमधला पू दुसऱ्या सर्जनने काढला, न्यूमोनिया बालरोगतज्ज्ञांनी बरा केला आणि मानेवरच्या गाठीला टीबी म्हणून एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू झाली. प्रत्येकाने समोर आलेलं बरं केलं. पण चार फायली चार ठिकाणी होत्या आणि त्या एकत्र वाचणारं कुणी नव्हतं, आम्हीसुद्धा नाही. त्यामुळे खाली जे सगळं लिहिलंय त्यात तिसरी आणि चौथी पायरी सगळ्यात महत्त्वाची समजा, बाकी डॉक्टर करतीलच, या दोन तुम्हालाच करायच्या आहेत.

१. आधी हे बघा की काळजी करण्यासारखं आहे का

लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होणं नॉर्मल आहे, पाळणाघरात किंवा अंगणवाडीत जायला लागलं की अजून जास्त. मधल्या काळात पोर खेळतंय, खातंय, वजन वाढतंय तर हा लेख इथेच बंद करा आणि झोपा.

पण यातलं काही असेल तर पुढे वाचा: वर्षात दोन किंवा जास्त न्यूमोनिया. वर्षात चार किंवा जास्त वेळा कान फुटणं किंवा कानाचं इन्फेक्शन. दोन दोन महिने अँटिबायोटिक चालूय आणि फरक नाही. दर वेळी सलाईनमधून इंजेक्शनं दिल्याशिवाय उतरतच नाही. आत खोलवर गळू होणं, म्हणजे लिव्हर, फुप्फुस, हाड, किंवा काखेत-मानेत परत परत पू होणारी गाठ. वर्षाचा झाल्यावरही तोंडात पांढरा दह्यासारखा थर येतोय आणि जात नाही. बाळसं धरत नाही. आणि घराण्यात कुणाला असा आजार होता किंवा मुलं लहानपणी दगावलीत. डॉक्टर लोक जी दहा धोक्याची लक्षणं सांगतात त्यातलीच ही आहेत, त्यातली दोन जुळली तरी विचारायचं.

माझ्या मते या यादीत आपल्याकडे अजून दोन गोष्टी घालायला हव्यात. एक म्हणजे बीसीजी, टीबीची लस. आपल्याकडे जन्मल्या जन्मल्या डाव्या दंडावर बीसीजी देतात आणि ती जिवंत लस आहे. काही चांगल्या धडधाकट बाळांनाही डाव्या काखेत छोटी गाठ येते आणि बसून जाते, त्याला घाबरायचं नाही. पण जखम महिनोन्महिने वाहतेय, गाठ फुटतेय, दुसरीकडेही गाठी यायला लागल्यात तर ती लस पसरलीय का हा प्रश्न विचारलाच पाहिजे. आमच्याकडे पहिला इशारा हाच होता, तिसऱ्या महिन्यात, आणि आम्ही त्यावर हळद लावत बसलो. दुसरी गोष्ट नाळ. महिना उलटला तरी नाळ पडली नाही, बेंबी सुजलेली आहे, सीबीसीत (रक्तातल्या पेशींच्या मोजणीत) पांढऱ्या पेशी भरमसाट पण जखमेत पू मात्र नाही, तर लॅड नावाचा वेगळा आजार असू शकतो. आजी म्हणेल आमच्या वेळी पण उशिरा पडायची, ऐका आणि तरी दाखवा.

२. इन्फेक्शन कुठल्या प्रकारचं आहे ते ओळखा

इम्युनिटीच्या जन्मजात दोषांचे आता पाचशेहून जास्त प्रकार माहीत झालेत, ते सगळे आपल्याला कळायची गरज नाही. पण साधारण चाल कळली तर कुठली टेस्ट मागायची ते कळतं.

पू आणि बुरशी, म्हणजे गळवं, लिव्हर ॲब्सेस, फुप्फुसात फंगस: पेशी जंतू मारत नाहीत, सीजीडीचा विचार.

सहा महिन्यांपर्यंत बाळ एकदम छान आणि मग कान, सायनस, छातीचं सुरू झालं ते थांबेचना: अँटिबॉडी कमी आहेत का बघायचं. सहा महिने छान का तर आईच्या पोटातून आलेल्या अँटिबॉडी तोवर पुरतात. असे मुलगे असतील तर टॉन्सिल्स नीट दिसतायत का तेही डॉक्टर बघतात, कारण ब्रूटन नावाच्या प्रकारात टॉन्सिल्स जवळजवळ नसतातच.

मुलगा, अंगावर एक्झिमा, कानाचं इन्फेक्शन आणि प्लेटलेट कमी, शी मधून रक्त: विस्कॉट-अल्ड्रिच. एक्झिमा, मोठी गळवं जी गरमच लागत नाहीत आणि दुधाचे दात पडत नाहीत: हायपर आयजीई. चालताना तोल जातो आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल शिरा: अटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया.

आणि एक प्रकार असा की तिथे हा लेख वाचत बसायचंच नाही. सहा महिन्यांच्या आतलं बाळ, जुलाब थांबत नाहीत, तोंडात पांढरा थर, न्यूमोनिया, वजन वाढत नाही. हे स्किड असू शकतं, त्यात लढणाऱ्या पेशीच नसतात, आणि जितक्या लवकर बोन मॅरो ट्रान्सप्लांट तितकी वाचायची शक्यता जास्त. आठवडे नाहीत तुमच्याकडे, दिवस आहेत. आज निघा.

३. सगळे आजार एका पानावर आणा

एक फुलस्केप कागद घ्या आणि तारखेप्रमाणे लिहा. कधी, काय झालं, कुठे ॲडमिट, किती दिवस, कुठलं औषध, पू किंवा रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघतात त्यात, कुठला जंतू निघाला. एवढंच. रडगाणं नको, देवधर्म नको, फक्त तारीख आणि घटना. आमचं पान असं होतं: ३ महिने, डाव्या काखेत गाठ, फुटली, ५ महिने वाहत होती. ११ महिने, न्यूमोनिया, ९ दिवस ॲडमिट. १८ महिने, लिव्हरला गळू, ऑपरेशन, पू मध्ये स्टॅफ जंतू. २२ महिने, मानेत गाठ, बायोप्सीत ग्रॅन्युलोमा (पेशींचा गठ्ठा), एकेटी सुरू. २६ महिने, परत न्यूमोनिया, एकेटी चालू असताना.

हे पान मी एका रात्रीत केलं, ते पण दुसऱ्या शिक्षिकेने सांगितलं म्हणून. मुंबईच्या ओपीडीत डॉक्टरांनी ते पान वाचलं, दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील, आणि म्हणाल्या डीएचआर करून घेऊ, म्हणजे जंतू मारायचं रसायन पेशी बनवतात का ते बघणारी रक्ताची टेस्ट. दोन वर्षं जे कुणाला दिसलं नाही ते पानावर आल्यावर दिसलं, यात हुशारीपेक्षा मांडणीचा भाग जास्त होता असं मला अजून वाटतं.

पानासोबत हे जोडा:

- सगळी डिस्चार्ज कार्डं आणि केस पेपर, झेरॉक्स दोन सेट
- माता-बाल संरक्षण कार्ड, त्यावर लसींच्या तारखा आणि वजनाचा आलेख असतो
- आतापर्यंतचे सगळे सीबीसी, नॉर्मल आलेले पण
- कल्चर रिपोर्ट, सीटी-एक्सरेच्या फिल्म किंवा सीडी
- बायोप्सी झाली असेल तर स्लाईड आणि ब्लॉक, लॅबकडून मागून घेता येतात
- गाठींचे, जखमांचे मोबाईलमधले फोटो, तारखेसकट
- रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन (म्हणजे अँटिबॉडी) चढवलं असेल तर त्याची तारीख

डिस्चार्ज कार्ड हरवलं असेल तर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात अर्ज द्या, मिळतं. आमच्यातलं एक कार्ड धान्याच्या कोठीखाली सापडलं, म्हणून आधी घर पालथं घाला.

४. माहेर-सासरची वंशावळ काढा, खरी

हे काम सगळ्यात अवघड. इथे लोक खोटं बोलतात, वाईटपणाने नाही, दुखतं म्हणून.

डॉक्टर विचारतात घरात कुणाला असं होतं का, आपण म्हणतो नाही. मीही नाहीच म्हटलं होतं. मग त्यांनी विचारलं, तुमच्या आईला किती मुलं झाली? मी म्हटलं दोन, आम्ही दोघी बहिणी. त्या म्हणाल्या जगलेली नका सांगू, झालेली सांगा. मी तिथूनच आईला फोन लावला. बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली तुझ्या आधी एक होता गं, पावणेदोन वर्षांचा होऊन गेला, पोटात पू झाला होता. बत्तीस वर्षं मला माहीत नव्हतं की मला भाऊ होता.

मुलाचा मामा, आईचा मामा, मावशीचा मुलगा असे आईकडच्या बाजूचे मुलगे लहानपणी गेले असतील तर दोष आईकडून मुलाकडे येणारा असू शकतो. आई स्वतः धडधाकट असते, फक्त वाहक. आणि नवरा-बायको नात्यातले असतील, म्हणजे मामाची मुलगी, आत्याचा मुलगा वगैरे, जे आपल्याकडे सर्रास आहे, तर दोघांकडून एक एक बिघडलेला जीन येऊन मुलगा-मुलगी कुणालाही होऊ शकतो. म्हणून नातं लपवू नका. आणि सासूबाईंनो, हे वाचत असाल तर, दोष आईकडून आला याचा अर्थ आईने काही केलं असा होत नाही. मला हे ऐकायला लागलंय म्हणून लिहिलं.

५. जवळच्या लॅबमध्ये होणाऱ्या तपासण्या

मुंबई-पुणे गाठायच्या आधी तालुक्याच्या गावात या होतात: सीबीसी डिफरन्शियलसकट (म्हणजे पांढऱ्या पेशींचा कुठला प्रकार किती टक्के तेही), एचआयव्ही (हो, कराच, इम्युनिटी कमी म्हटल्यावर आधी हे बाजूला काढावं लागतं, लाजायचं काही नाही), पोटाची सोनोग्राफी, छातीचा एक्सरे, आणि इम्युनोग्लोब्युलिन आयजीजी-आयजीए-आयजीएम, हे सॅम्पल बहुतेक मोठ्या लॅबला पाठवतात.

इथे दोन ठिकाणी फसायला होतं. सीबीसीत लिम्फोसाइटचा (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) आकडा स्वतः काढा: एकूण पांढऱ्या पेशी गुणिले लिम्फोसाइटचे टक्के भागिले शंभर. समजा ६,००० पेशी आणि २० टक्के, तर १,२००. मोठ्या माणसाला हे चालतं म्हणून लॅबचा कागद काही लाल करत नाही. पण काही महिन्यांच्या बाळाला ३,००० पेक्षा कमी असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, स्किडचा पहिला पुरावा पन्नास-शंभर रुपये जास्त न घालवता याच कागदावर पडलेला असतो.

इम्युनोग्लोब्युलिनचं नेमकं उलटं. सहा महिन्यांच्या बाळाचं आयजीजी मोठ्या माणसाच्या निम्म्याहून कमी असू शकतं आणि ते नॉर्मलच असतं, पण कागदावर लाल अक्षरात लो येतं आणि आपली झोप उडते. वयाप्रमाणे रेंज कुठली ते विचारा. आणि बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन चढवायच्या आधीच हे सॅम्पल घ्या, नंतर दिसतो तो दात्याचा आकडा.

आणि या सगळ्या नॉर्मल आल्या म्हणून सुटलो असं नाही. सीजीडीत सीबीसी आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही ठीक येऊ शकतात, आमचे आलेच होते.

६. पू काढणार असतील तर आधी बोला

ऑपरेशन थिएटरच्या बाहेर आपण नमस्कार करत उभे असतो, त्याऐवजी हा एक प्रश्न विचारा: डॉक्टर, पू आणि तुकडा कल्चरला पण जाणार ना? साधं, टीबीचं आणि फंगसचं, तिन्ही. कारण तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत पडला की बायोप्सी होते पण जंतू वाढवता येत नाही, सगळे मेलेले असतात. आमचा मानेचा तुकडा तसाच गेला. बायोप्सीत ग्रॅन्युलोमा दिसला आणि आपल्याकडे ग्रॅन्युलोमा म्हटलं की टीबी, तसं धरणंही चूक नाही कारण बहुतेक वेळा टीबीच असतो. पण सीजीडीच्या तर नावातच ग्रॅन्युलोमा आहे.

कल्चरमध्ये सेरॅशिया, बर्खोल्डेरिया, नोकार्डिया, ॲस्परजिलस यातलं नाव आलं तर ते नाव पानावर ठळक लिहा. धडधाकट पोरात हे जंतू असे आत घुसत नाहीत. एकेटी चालू असेल तर मनाने बंद करू नका, फक्त विचारा की टीबीचा जंतू प्रत्यक्ष सापडलाय का, आणि औषध चालू असून नवीन गाठ का आली.

७. खास टेस्ट: डीएचआर आणि पेशींची मोजणी

महाराष्ट्रातल्या लोकांना सोयीचं ठिकाण म्हणजे परळ. केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, तिथे या आजारांच्या टेस्ट होतात, आणि जवळच वाडिया हे मुलांचं हॉस्पिटल. उत्तरेकडच्यांना चंडीगडचं पीजीआय हॉस्पिटल. जायच्या आधी फोन करून सॅम्पल कुठल्या वारी, किती वाजेपर्यंत घेतात ते विचारा, शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी जाऊ नका. आम्ही महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी दादरला उतरलो ते नेमके सुट्टीच्या दिवशी. परत लॉजचं भाडं.

डीएचआरला ताजं रक्त लागतं, जिवंत पेशी. कुरिअरने पाठवणार असाल तर फ्रीजमध्ये नाही, बर्फात नाही, साध्या तापमानाला ठेवायचं आणि शक्यतो चोवीस तासांत पोचवायचं. सोबत नात्यात नसलेल्या धडधाकट माणसाचं रक्त त्याच वेळी काढून पाठवतात, म्हणजे प्रवासात पेशी मेल्या का ते कळतं. ट्यूब कुठल्या रंगाच्या झाकणाची तेही त्याच लॅबला विचारा, सगळीकडे एक नाही.

रिपोर्टवर आलेख असतो. धडधाकट माणसाच्या पेशींना उत्तेजन दिलं की डोंगर उजवीकडे सरकतो. माझ्या मुलाचा जागचा हलला नाही. माझा पण काढला, त्यात दोन डोंगर होते, अर्ध्या पेशी सरकलेल्या आणि अर्ध्या तिथेच, म्हणजे मी वाहक. त्या दिवशी मला न बघितलेला भाऊ पहिल्यांदा दिसला असं वाटलं.

लिम्फोसाइट सबसेट म्हणजे टी, बी, एनके पेशींची मोजणी, ती स्किड आणि ब्रूटनसाठी. तीही ताज्या रक्तावर.

८. जीनची टेस्ट

करा, पण डीएचआरसारख्या टेस्टनंतर करा. आधीच महागडी जीन टेस्ट केली आणि त्यात अर्थ न लागणारा बदल निघाला की मनस्ताप वाढतो. रिपोर्टला काही आठवडे लागतात. आईवडिलांचंही सॅम्पल द्या. आणि डीएचआर बिघडलेला असून जीन टेस्ट कोरी आली तर आजार नाही असं समजू नका, सीजीडीतला एनसीएफ१ नावाचा जीन नेहमीच्या पद्धतीने निसटतो कारण त्याच्यासारखे दिसणारे नकली जीन शेजारीच असतात. त्यासाठी वेगळी टेस्ट मागावी लागते.

९. शंका असेपर्यंत काय पाळायचं

स्किडची शंका असेल तर रक्त चढवायची वेळ आल्यास ते इरॅडिएट केलेलंच (किरणं देऊन तयार केलेलं) हवं, हे फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. अशा बाळाला बीसीजी, रोटाव्हायरस, तोंडावाटे पोलिओ या जिवंत लसी थांबवतात. पण म्हणून सगळ्याच लसी बंद करू नका, बाकीच्या बहुतेक मुलांना मारलेल्या जंतूंच्या लसी देता येतात, सीजीडीत तर गोवरची पण चालते. आजाराप्रमाणे यादी बदलते, तुमच्या डॉक्टरांकडून लेखी घ्या.

सीजीडी असेल तर गावात राहणाऱ्यांनी हे मनावर घ्या: गोठा, उकिरडा, शेणखत, कुजलेला पालापाचोळा, कडबा, मळणीचं भुसकट यापासून पोर लांब. यातली बुरशी श्वासातून जाते आणि काही दिवसांत पोर गंभीर होतं. आम्ही म्हैस विकली. सासरे चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. जमीन शेणाने सारवणं बंद, ओल आलेली भिंत खरवडायची तर मुलाला आत्याकडे पाठवून. रोज को-ट्रायमॉक्साझोल (अँटिबायोटिक) आणि इट्राकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) चालू असतं. एकेटीतलं रिफॅम्पिसिन सोबत असेल तर इट्राकोनॅझोलचा असर उतरतो, त्यामुळे दोन्ही लिहून देणारे डॉक्टर वेगळे असतील तर एकमेकांना कळवायचं काम आपलं. ताप आला तर अंगावर काढायचा नाही.

१०. पैसे

२०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात स्किड, सीजीडी, विस्कॉट-अल्ड्रिच ही नावं आहेत आणि ट्रान्सप्लांटसारख्या उपचाराला ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, पण ठरवून दिलेल्या केंद्रांमधूनच, मुंबईत केईएम त्यातलं एक. याशिवाय हॉस्पिटलच्या सोशल वर्करला भेटा, मुख्यमंत्री सहायता निधीपासून ट्रस्टपर्यंत कुठे अर्ज करायचा ते त्यांना पाठ असतं. आधार, रेशन कार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि हॉस्पिटलचं खर्चाचं एस्टिमेट तयार ठेवा. दाखला चालू वर्षाचा आहे का बघा, आमचा अर्ज त्यावरून परत आला होता.

११. घरात पुढचं बाळ येणार असेल तर

जीनमधला दोष नक्की कळला असेल तर पुढच्या वेळी अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या आसपास वारेचा नमुना घेऊन तपासता येतं, नोंदणी असलेल्या केंद्रातच. ते नको असेल तर निदान जन्मानंतरची तयारी करा. माझी बहीण गरोदर राहिली तेव्हा तिचा डीएचआर करून घेतला, तिच्या कागदावरही दोन डोंगर. मग आमच्या डॉक्टरांकडून एक चिठ्ठी घेतली: या बाळाला डीएचआर रिपोर्ट येईपर्यंत बीसीजी देऊ नये. तिच्या पाच झेरॉक्स काढल्या, एक फाईलला, एक आशाताईंना, एक पीएचसीत, एक लेबर रूममध्ये, आणि एक मेव्हण्यांच्या खिशात, कारण बाळ पहाटे तीनला झालं तर ड्युटीवरच्या सिस्टरला काय माहीत असणार.

बाळ पहाटे नाही, दुपारी झालं. मुलगा. सिस्टर लस घेऊन आल्याच होत्या, मेव्हण्यांनी चिठ्ठी काढली. पंधराव्या दिवशी रिपोर्ट आला, एकच डोंगर, उजवीकडे सरकलेला. बीसीजी वर्षाच्या आत देता येते, त्याला सव्वा महिन्याने दिली.